माफ करणारी टीचर

जागृतीला वर्गात ओरडायचं नव्हतं. एवढं एकच तिने आधीपासून ठरवलं होतं. लहानपणी भंडाऱ्याच्या शाळेत चूक झाली की गुरुजी तिला दाराबाहेर उभं करायचे, आणि चूक काय झाली ते सांगायचे नाहीत. दाराबाहेर ती जे शिकली ते आपण कुणाला शिकवायचं नाही, असं तिच्या मनात पक्कं होतं.

१९९४ साली तिचा नवरा सुजीत बहरीनमध्ये एसी दुरुस्तीच्या कामावर होता. मनामा शहरातल्या नईम भागात, दोन खोल्यांत जागृतीने एक अख्खं वर्ष नुसतं बसून काढलं होतं. बी.ए. झालेली बाई, आणि समोरच्या भिंतीचा रंग उडताना बघणं हेच काम. मग तिथल्याच एका भारतीय शाळेने तिला दुसरीच्या वर्गावर घेतलं, पण उमेदवारीवर. ज्येष्ठ शिक्षिका झोहराबाई वर्षभर तिचे तास बघणार. वर्षअखेरीला त्या हो म्हणाल्या तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा ती भिंत.

वर्गात सुहा नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. अंगाने उंच म्हणून ती मागच्या बाकावर. फळ्याकडे बोट दाखवून जागृती विचारायची, इथे काय आहे? सुहा उभी राहायची, मान खाली घालायची आणि हळूच म्हणायची, "माफी, टीचर."

"इट्स ओके. बस," जागृती म्हणायची.

हे आठवड्यातून दोनतीनदा तरी व्हायचं. आपण दटावलं नाही, तरी मूल आपणहून माफी मागतं, याचं जागृतीला मनातून समाधान वाटायचं. घरी सुजीत तिची थट्टा करायचा.

"काय वं, आज किती जणांना माफ केलं?"

"एकीलाच."

"इथं तं चपला आत आणल्या तरी माफी नाही, बाप्पा."

"तू आधी माग, मग पाहू."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर झोहराबाई तास बघायला आल्या आणि सुहाच्या शेजारी बसल्या. मूळच्या दापोलीकडच्या, कितीतरी वर्षं याच शाळेत शिकवत होत्या. तास संपल्यावर त्यांनी जागृतीला व्हरांड्यात थांबवलं.

"अगो, ती पोरगी उभी राहून तुला काय म्हणाली?"

"माफी."

झोहराबाई हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. "माफी नाय, मफी. अरबीत मफी म्हणजे नाय. बापाच्या दुकानात मलमल विचारा, नसली तर मफी. तू विचारतेस फळ्यावर काय आहे. ती सांगते, काय नाय."

"पण लिहिलेलं होतं की."

"तुला दिसत होतं."

बाजारात हा शब्द जागृतीच्या कानावर पडला नव्हता, असं नाही. पण मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मुलीच्या तोंडून तिला तेच ऐकू आलं, जे ऐकायची तिची तयारी होती. दुसऱ्या दिवशी तिने सुहाला फळ्याजवळ आणलं. मुलीने नाक जवळजवळ फळ्याला टेकवलं आणि ओळ सरळ वाचून दाखवली. वडिलांना निरोप गेला. चष्मा झाला. सुहा पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसली.

जागृतीला बरेच दिवस गुरुजी आठवत राहिले. दाराबाहेर उभं करणं आणि माफ करून खाली बसवणं, यांत तिला वाटलं होतं तेवढं अंतर नव्हतं. दोन्हींत मुलाला काही विचारलेलं नसतं. विचारणं हे ओरडण्यापेक्षा अवघड होतं, आणि दया करण्यापेक्षाही. ती विचारू लागली. उत्तर चुकलं तर कसं आलं ते, आलंच नाही तर का नाही ते. वर्गात गोंगाट वाढला आणि धडे मागे पडले.

"पोर्शन कोण पुरा करणार, तुझा नवरा?" झोहराबाई म्हणाल्या.

फेब्रुवारीत शेवटची पाहणी झाली. या वेळी मुख्याध्यापकही येऊन बसले. जागृती फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहीत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"टीचर, यू फर्गॉट द ई."

मुख्याध्यापकांनी झोहराबाईंकडे पाहिलं. आता सगळं गेलं, असं जागृतीला वाटलं, आणि तरी सवयीने तिच्या तोंडून निघालं, "कुठे?"

सुहा पुढे आली आणि 'बिकॉज'च्या शेवटी बोट ठेवून उभी राहिली. ई खरंच नव्हता. मग दुसरा एक जण म्हणाला, तारीखही कालची आहे. जागृतीने दोन्ही नीट केलं आणि वाक्य पुढे लिहिलं.

तास सुटल्यावर ती मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आत ते म्हणत होते, "बाईंच्या चुका मुलं काढतात?"

"सर, आधी या वर्गात चूक कुणाला दिसतच नव्हती," झोहराबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "एप्रिलपासून तिसरी घे. आणि पोर्शन पुरा कर."

"तास बघायला कोण येणार?"

"आता कोण नाय. कायम झालीस."

ज्यासाठी वर्षभर झुरली ते मिळालं होतं, आणि आता आपला तास कुणी ऐकत बसणार नाही याची जागृतीला जरा भीतीच वाटली. संध्याकाळी तिने सुजीतला बातमी सांगितली.

"म्हणजे शिकणं संपलं तं तुहं," तो खूश होऊन म्हणाला.

ती मेथी निवडत होती. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "तिसरीचं इंग्रजी जरा अवघड आहे."