दाढीच्या जागी वेणी

इकडे ये गं. अशी जवळ बस, दारात पाहुण्यासारखी काय उभी राहतेस? कामोठ्याहून नेरूळला यायला तुला सहा महिने लागतात. मावशी मेली की काय, हे तरी बघायचं. आणि आल्या आल्या विचारतेस काय, तर मामा कसा गेला. तुझी आई सांगते, पाय घसरला. तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. आता मी सांगते. मधे बोलू नकोस.

ऐंशीनंतरची गोष्ट. वाशीच्या एका वाचनालयात मी झाडू मारायची, चहा द्यायची. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं तिथंच शिकले, पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता. दिवाळीला ते लोक हस्तलिखित काढत. एकच प्रत. सगळं चिटणीस साहेबांच्या अक्षरात, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ज्याचं लिखाण त्यानं आपलं पान वाचायचं, खाली सही करायची, मग बांधणी. मीही एक कथा दिली होती.

मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले. दहा-बारा माणसं बसलेली. साहेब म्हणाले, "ऐका, आमच्या झाडूवालीनं प्रेमकथा लिहिलीय."

हसले सगळे.

"बरी आहे हं. थोडी साफ केली मी. वाचता येतं ना? मग कर खाली सही."

ट्रे खाली ठेवून मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. माझ्या कथेत दादा होता आणि काशिनाथ होता. साहेबांच्या अक्षरात काशिनाथ नव्हताच. कुसुम होती. दादा बांधावर बसून कुसुमची वेणी घालत होता.

मी काय लिहिलं होतं, ते ऐक.

महाडकडून आम्ही आलो तेव्हा इथं इमारती नव्हत्या. खाडीच्या पाण्याखालचं खाजण आणि मिठागरं. दादा, म्हणजे तुझा मामा, मिठागरावर लागला. काशिनाथ तिथल्याच गावचा, आगरी. दोघांची जोडी. एकानं मीठ ओढायचं, दुसऱ्यानं वाहायचं. दादाचा हात वस्तऱ्यावर हलका, रविवारी तो माणसांच्या दाढ्या करायचा. एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तर काशिनाथ बांधावर बसलेला, तोंडाला साबण.

"नीट कर रं," तो म्हणाला. "पोरगी बगाला जावाचा हाय."

दादानं वस्तरा लावला. एक गाल झाला. मग त्यानं काशिनाथची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याशी थांबला. थांबलाच. काशिनाथनं डोळे मिटले. हलला नाही. नको म्हणाला नाही. मी पंधरा वर्षांची, भाकरीचं फडकं धरून उभी.  कसली भीती ते कळत नव्हतं, पण इथं काहीतरी मरणार, एवढं कळलं.

दादानं वस्तरा पुसला. "झालं. जा."

एक गाल तसाच राहिला होता. काशिनाथ तसाच उठून गेला. एकमेकांना ते कधी काही बोलले असतील असं मला वाटत नाही. बोलायला शब्द कुठला होता त्यांच्याकडे?

काशिनाथचं लग्न झालं. महिन्याभरात काशिनाथचा थोरला भाऊ आमच्या दारात. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तुझ्या भावाला सांग बाय, आमच्या घराकडं फिरकायचा नाय. आदीच तुमची जात, त्यान लोक नको नको ते बोलतान."

दादा आत बसून ऐकत होता. त्यानं ताट सरकवलं.

पुढं अमावास्येचं उधाण आलं. भरदुपारी बांध फुटला. फुटलेला बांध बुजवणं दोघांचं काम असतं. एकानं छातीएवढ्या पाण्यात उभं राहून गोणी दाबून धरायची, दुसऱ्यानं वरून चिखल टाकायचा. हे काम कायम दादा आणि काशिनाथ करायचे. त्या दिवशी दादानं हाक मारली नाही. एकटा उतरला. बांधावर फावडं मिळालं. तो दुसऱ्या दिवशी मिळाला, खाडीच्या तोंडाशी.

आता सांग, कुठला पाय घसरला?

कथा लिहिली तेव्हा आधी काशिनाथला वाचून दाखवली. त्याला अक्षर येत नव्हतं. भाजीच्या बाजारामागं दगडावर बसून त्यानं सगळी ऐकली.  मग म्हणाला, "हाक मारली आसती तं मी आलो आसतो." आणि उठता उठता, "माजा नाव बदलू नको."

तर हे नाव होतं, जे साहेबांनी साफ केलं होतं.

मी म्हणाले, "साहेब, हे माझं नाही."

"अगं तुझंच आहे. शोभेल असं केलंय. दोन पुरुषांचं असं कुठं असतं का? कथेतसुद्धा नसतं."

एक बाई होत्या, शिकलेल्या, गोड बोलायच्या. म्हणाल्या, "तू तुमच्या लोकांचं लिही ना. पाणवठ्याचं, गावकुसाबाहेरचं. ते आपण पहिल्या पानावर घेऊ."

"तेही लिहीन बाई. पण माझ्या मनात येईल तेव्हा. सही मी करणार नाही."

"मग झाडू तरी मारणार आहेस ना?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसले.

"माझे कागद द्या."

साहेबांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडं बोट केलं. रद्दीची टोपली. रोज मीच रिकामी करायची. मी त्या सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसले आणि त्यात हात घातला. वर चहाचे घोट ऐकू येत होते. "साखर कमी पडलीय आज," कुणीतरी म्हणालं. सात कागद होते. सहा सापडले. दाढीचा कागद नव्हता.

तिथं, जमिनीवर बसल्या बसल्या, माझी भीती संपली. आजवर मला वाटायचं, हे लोक मोठे, त्यांना कळतं. त्यांना बांध बुजवायला माणसं किती लागतात तेही माहीत नव्हतं. कुसुम पाण्यात उतरलीच नसती, मग दादानं हाक कुणाला मारली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी उठले. दाराशी पडलेला झाडू भिंतीला टेकवला आणि निघाले. पगारालाही परत गेले नाही. सातवा कागद घरी पुन्हा लिहिला, शब्द न शब्द.

बातमी पोचायची तिथं पोचली. काशिनाथचा भाऊ पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा. आता अंगावर पांढरे कपडे, जमिनीचे पैसे आलेले. म्हणाला, "खाडी आजून तितंच हाय, बाय."

मी म्हणाले, "मीही."

काशिनाथ मला नंतर कधी भेटला नाही. कुणी म्हणतं मुलाकडं करंजाड्याला असतो, कुणी म्हणतं गेला. मी विचारत नाही. पण ती कथा मी दर वर्षी वाचते, उभी राहून, ज्या सभेत माईक मिळेल तिथं. माणसं उठून जातात. एकदा त्या गोड बोलणाऱ्या बाईंनीच माईकची वायर काढली. मी बिनमाईकची वाचली. दादाला दादा म्हणीन, काशिनाथला काशिनाथ. माझ्या तोंडून त्यांची बायको-नवरा जोडी कुणी करून घेणार नाही. छापतील तर अशीच छापतील, नाहीतर नको.

येत्या रविवारी ये, इथं घरीच वाचणार आहे. आईला घेऊन ये. ती अर्ध्यावर उठेल, उठू दे, मी दार उघडंच ठेवीन आणि जिन्यापर्यंत जाईल असा आवाज काढीन. येशील ना? सहा महिने लावू नकोस, डोळ्यांचं माझ्या आता खरं नाही.