उमेदवाराची सही
आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा नगरपंचायतीला उभं राहायचं मीच ठरवलं. लग्न होऊन दुसरबीडहून इथे आले तेव्हापासून वॉर्डातल्या नळासाठी अर्ज मीच लिहीत होते, नवऱ्याने कधीच नाही. तरी उमेदवारीचा अर्ज द्यायला गेलो, तर टेबलावरच्या बाबूने त्यालाच विचारलं, "काय भाऊ, यंदा उभे राहून राह्यले का?"

नवरा नुसता हसला. सूचक म्हणून त्याची सही लागणार होती. बाबूने अर्ज पुढे सरकवला आणि या माणसाने थेट उमेदवाराच्या जागी सही ठोकली!

बाबूने अर्जासोबतचा, घरी शौचालय असल्याचा दाखला उलटसुलट करून पाहिला, घरपट्टीची पावतीही पाहिली. महिलांच्या जागेसाठी पुरुषाची सही मात्र त्याला खटकली नाही. "झालं काम," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी अर्ज ओढून घेतला, टराटरा फाडला आणि कोरा मागितला.

"वैनी, काऊन चिडता? घरातलीच तं सही हाय."

"मंग उद्यापासून या खुर्चीवर तुमच्या बायकोले बसवा," मी म्हटलं. "तेबी घरातलीच हाय."