हिरीला देवी मी केलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं नदीकाठचे कार्यक्रम केले त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. यात धैर्यबिर्य काही नाही, ते मला ठाऊक आहे.

मी नाशिकच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. नव्वदीच्या दशकात आम्ही पाच-सहा जणांनी एक उपक्रम सुरू केला. लोकांशी नदीबद्दल बोलायचं, बस. पंचवटीत, घाटाच्या पायऱ्यांवर, रविवारी सकाळी. नदीच्या कहाण्या, नदीची गाणी, कुठल्या कुंडाला काय म्हणतात आणि का. भाजीला आलेल्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन ऐकायच्या. दहाव्याला आलेली, नुकतं डोकं भादरलेली माणसंसुद्धा मागे येऊन उभी राहायची. लोक म्हणायचे, बाई बोलायला लागल्या की नदी डोळ्यांपुढे उभी राहते. अहो, ती समोरच वाहत होती! पण मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पुढे आम्ही जिल्ह्यातल्या लहान नद्यांच्या गोष्टी गोळा करायला लागलो. शाळांसाठी एक चित्रांची पुस्तिका काढायची होती. त्या निमित्ताने पेठच्या पलीकडे एका पाड्यावर गेले, आणि तिथे मला सकरीआजी भेटल्या. मी त्यांना आजी म्हणायचे, त्या मला बाई. पाड्याखालून एक लहानशी नदी जाते. तिच्यात एक डोह आहे, त्याला हिरीचा डोह म्हणतात. ही हिरी कोण, एवढंच मी विचारलं होतं.

हिरी म्हणजे सकरीआजींच्या आजोबांची बहीण. तरुणपणीच विधवा झालेली. पाण्यालगत तिच्या वाट्याची भाताची जमीन होती आणि ती दिरांना हवी होती. एका वर्षी पाड्यावर ताप आला, पोरं दगावली, आणि दिरांनी हिरीकडे बोट दाखवलं — ही डाकीण आहे. भरदिवसा तिला डोहावर नेलं. सगळा पाडा बघत होता. पुढे काय केलं ते आजींनी मला एकदाही न थांबता सांगितलं. मला मात्र ते इथेही लिहवत नाही. बघा, आजही नाही.

तेव्हापासून भाताच्या आवणीआधी, म्हणजे लावणीआधी, पाड्यातल्या प्रत्येक घरची बाई नागलीची, म्हणजे नाचणीची, एक भाकर नेऊन डोहाकाठच्या खडकावर ठेवायची. हळदकुंकू नाही, नारळ नाही, हात जोडणं नाही. भाकर ठेवायची आणि म्हणायचं, "हिरे, आमी बगत व्हतो." एवढंच. मी आयुष्यभर नद्यांच्या गोष्टी ऐकल्या, पण नदीकाठी अशी माफी मागणारी माणसं मला दुसरीकडे कुठे भेटली नाहीत.

आजींना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या घराला लोक अजून डाकिणीचं घर म्हणायचे. त्यापायी नातीच्या सोयरिकी मोडत होत्या. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, ती डाकीण नव्हती. तेवढं पुस्तकात लिवा. पुस्तकात आलं म्हंजी मानतील." मी म्हटलं, लिहिते. अगदी सहज म्हटलं, जसं आपण म्हणतो.

आणि मग? माझ्यावर कुणी दडपण आणलं असतं तर किती सोयीचं झालं असतं! समितीने धमकावलं, देणगीदार रागावले — असलं काहीतरी. तसं काही झालं नाही. कुणी मला विचारलंसुद्धा नाही. एका दुपारी घरात एकटी बसले होते, पंखा फिरत होता. पहिलं वाक्य लिहिलं, 'हिरीला तिच्या दिरांनी मारलं', आणि त्या कागदाकडे बघत राहिले. मुलांच्या पुस्तिकेत हे? घाटावर, सकाळच्या उन्हात, पिशव्या घेऊन बसलेल्या बायकांपुढे हे वाचायचं? लोक उठून जातील. पुन्हा येणार नाहीत. मला म्हणतील — हो, मला काय म्हणतील, हाच विचार होता. दुसरा नव्हता.

मी ते वाक्य खोडलं आणि दुष्काळ आणला. विधवेची कुमारिका केली. पाड्याला पाणी मिळावं म्हणून ती आपण होऊन कोरड्या डोहात उतरली आणि तिच्या पावलांखाली झरा फुटला. दीर गेले, जमीन गेली, बघत उभे राहिलेले लोक गेले. ती नदी पश्चिमेला उतरते, समुद्राकडे. तिचा गोदावरीशी काडीचा संबंध नाही. पण मी तिला गोदामाईची धाकटी बहीण करून टाकलं. नकाशासुद्धा सोडला नाही मी. चहा होईपर्यंत सगळं लिहून झालं होतं.

पुस्तिका खूप गाजली. हिरीची गोष्ट सगळ्यात जास्त. शाळांच्या स्नेहसंमेलनात तिच्यावर नाच बसवले. मी एक प्रत आजींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि मला नाचणीचे पापड बांधून दिले. मी ते घेऊन आले.

दोन-तीन वर्षांनी आम्ही आजींना घाटावर सत्काराला बोलावलं. आता तुम्ही म्हणाल, बोलावलंच कशाला? कल्पना माझी नव्हती. पण मी नको म्हणाले नाही, कारण नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. खाई त्याला खवखवे. व्यासपीठावर शेजारी आजींना बसवून मी हिरीची गोष्ट सांगितली, माझी. त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली. माझ्याकडे बघत होत्या. मी समोर बघत होते. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, आणि आजींनी माईक ओढून घेतला. "आसं नाय झालं. तिला मारली. दिरांनी मारली."

पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. त्या क्षणी मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी हसले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक माझ्याकडे घेतला. म्हणाले, आजी प्रवासाने दमल्यात, आणि लोककथेत असे पाठभेद असतातच, हीच तर आपल्या परंपरेची श्रीमंती! पाठभेद! वर्गात शिकवलेला शब्द. तो खराही आहे, म्हणून तर इतका कामी आला. मग शाल पांघरली, हातात नारळ दिला, फोटो काढला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

एसटीत बसवायला मीच गेले. गाडी सुटायच्या आधी त्या खिडकीतून म्हणाल्या, "तू लिवलं ना बाई, आता तेच ऱ्हाईल." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला वाद घालता आला असता.

मी पुन्हा तिकडे गेले तेव्हा आठ-नऊ वर्षं उलटली होती. आजी वारल्या होत्या. डोहावर पत्र्याची शेड होती, आत शेंदूर, बाहेर नारळ फोडायचा दगड. देखभाल कोण करतं म्हणून विचारलं — त्या दिरांचेच पणतू. माहितीच्या पाटीवर माझी वाक्यं होती, शब्द न् शब्द. आणि सकरीआजींचं घर? देवीच्या कुळाचं झालं असेल, मान मिळत असेल, अशी माझी वेडी आशा. तर ते तसंच होतं. देवी कुमारिका, गोदामाईची बहीण; यांच्या घरातली ती तर विधवा, मग यांचं तिचं नातं कसलं? डाकीण होती ती यांच्याच घरातली कुणी दुसरी. मी हिरीला त्यांच्याकडून काढून घेतलं आणि डाकीण तेवढी त्यांच्या पदरात ठेवली. थोरली नात बिनलग्नाची, घरातच होती. मी तिला विचारलं, आजी हिरीबद्दल वेगळं सांगायच्या ना? ती म्हणाली, "म्हातारी कायबी बोलायची. पुस्तकात हाय तेच खरं."

खडकावर भाकर ठेवायला आता कुणी जात नाही.

मी तिथे बोलू शकत होते. तिला, त्या पणतूंना, कुणालाही. मी पाया पडले, प्रसाद घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने नाशिकला परत आले.

त्याच वर्षी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. मुद्रकाने कच्ची प्रत पाठवून विचारलं, बाई, काही दुरुस्त्या? मी दोन दिवस ती प्रत समोर ठेवून घेतली. या आवृत्तीत आजींच्या सत्काराचा फोटो घातला होता; त्याखाली माझं आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव अदलाबदल होऊन छापलं होतं. तेवढी एक दुरुस्ती करून मी ती परत पाठवली.