न दुखणारी गाठ

"चल, काढ ब्लाउज!"

आमच्या गल्लीत हे वाक्य भरदिवसा, मोठ्यानं म्हणायची मुभा एकाच बाईला होती. बाळंतिणींना मालिश करायला येणाऱ्या मावशीला. ती दारातूनच ओरडायची. बैठकीत पेपर वाचणारे माझे सासरे पेपर इतका वर धरायचे, की त्यांचे फक्त गुडघे दिसायचे. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल, तर तिच्यापुढं लाजून काही उपयोग नसतो हे तुम्हाला ठाऊकच असेल.

ती मूळची सिल्लोडकडची. क्रांती चौकामागच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनं न्हाऊमाखू घातलेलं. दूध गोठून एखादीच्या छातीचा दगड झाला, की गरम फडकं घेऊन बसायची आणि गाठींना नावं ठेवायची. "ही साबुदाण्याची. ही आवळ्याची. रडू नको, निघतीय." पण गाठ दुखत नसेल, जागची हलत नसेल, तर हात धुऊन उठायची. "हे माहं काम नाय. डाक्टरकडं जा."

धाकट्याचं दूध तुटून वर्ष झालं होतं, तेव्हा आंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. मी दोन महिने गप्प. आधी शाळेचे पेपर तपासायचे होते, मग नणंदेचं लग्न. कारणांना काय तोटा! शेवटी एकदा मावशीला म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला छातीत गाठ आलीय. दुखत नाही गं, म्हणजे काही नसेल ना?"

"मैत्रीण तुहीच साडी नेसून आली व्हय? काढ."

तिनं चाचपलं आणि हात धुऊन उठली. मी ब्लाउजची बटणं लावेपर्यंत ती बैठकीत पोचलीसुद्धा. "तात्या, सुनंच्या छातीत गाठ हाय. रिक्षा बोलवा." तात्या पेपर टाकून अनवाणीच चौकापर्यंत पळाले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुई घालून नमुना घेतला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मनातल्या मनात माझ्या पोरांना सावत्र आई आणून झाली होती. गाठ साधी निघाली. मी दवाखान्यातच रडले आणि वर बोलणीही खाल्ली. "गाठ लागली की लगेच यायचं. दुखायची वाट कशाला बघता?"

मग बाईंचं लक्ष माझ्यासोबत आलेल्या मावशीकडं गेलं. "मावशी, आलाच आहात तर तुम्हालाही बघते."

"मला? मी काय बाळंतीण हाय?" असं म्हणत ती इतक्या घाईनं दाराकडं निघाली, की चपला उलट्या घातल्या. बाई दारात आडव्या झाल्या.

तिची गाठ दुखत नव्हती, हलत नव्हती आणि तिला ती वर्षभरापासून ठाऊक होती. बाहेरच्या बाकावर मी तिच्यावर भडकले. "साऱ्या जगाला डॉक्टरकडं हाकलतेस आणि स्वतः?"

"भ्याले ना बाई," ती म्हणाली. "हाताला कळलं तव्हाच भ्याले. दुसरीला सांगायला काय जातंय?"

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. शेवटचे काही महिने तिच्या पाठीला, पायांना तेल लावायला मी रोज जायचे. "जोर लाव की, पोळी लाटायलीस का?" म्हणून माझी अक्कल काढायची. ती गेली तेव्हा गल्लीतली झाडून सारी बायामाणसं रडली. मला मात्र रडण्याआधी राग आला, आधी तिचा आणि मग आमचा.

मी दोन महिने लपवलं, तर तिनं पाच मिनिटांत रिक्षा आणवली. तिनं वर्षभर लपवलं. त्या वर्षभरात ती रोज कुठल्या ना कुठल्या घरात येत होती, आमची अंगं चाचपत होती. आमच्यापैकी एकीनंही तिला कधी विचारलं नाही, "मावशी, तू बरी आहेस ना?"