हवाबंद दाजी

आमच्या दाजींनी एखादी वस्तू बंद केली, की ती उघडण्याची ताकद अख्ख्या बीड जिल्ह्यात फक्त दाजींच्याच मनगटात असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला घाटनांदूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. त्यांच्या घरी पानात लोणचं हवं असेल तर आधी दाजी घरी आहेत का ते बघावं लागतं, कारण बरणीचं झाकण त्यांनी लावलेलं असतं. कुणी दार नुसतं लोटून आलं, तर ते भरल्या ताटावरून उठतात आणि दार नीट लावून येतात. "ह्यांच्या तावडीत घावला तर वाराबी गुदमरून मरल," असं अक्का म्हणते. हा गुण त्यांना जन्मजात नव्हता, तो नोकरीनं लावला. दूध सोसायटीच्या शीतकरण केंद्रावर थंड खोली सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दाराच्या फटीतून गारवा निसटला की गावाचं दूध नासलंच म्हणून समजा. पुढे लागोपाठ दुष्काळ पडले, जनावरं आटली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. दाजी घरी आले ते फटी बुजवण्याचा हात आणि फटी शोधणारी नजर घेऊन. आता एवढ्या मोठ्या हुनराचं खेड्यात करायचं काय?

त्याचं उत्तर एका पुढाऱ्याच्या पुतण्यानं दिलं. त्याच्या नव्या गाडीच्या मागच्या भागात त्याला वूफर बसवायचा होता, म्हणजे तो ताटाएवढा स्पीकर, जो वाजला की पोटात गडगडतं. हा स्पीकर नुसता ठेवून वाजत नाही, त्याला लाकडी बॉक्स लागतो. केंद्राच्या दारांची डागडुजी करता करता दाजींना सुतारकी येऊ लागली होती. त्यांनी बॉक्स केला, आणि तो वाजला तेव्हा दाजींना आपण जन्माला कशासाठी आलो ते कळलं. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड उभं राहिलं. पार युसूफ वडगावपासून लोक गाड्या घेऊन यायला लागले.

पण दाजींकडे बॉक्स करून घेणं हे सोयरीक जुळवण्याइतकं अवघड काम होतं. बॉक्स दोन जातीचे असतात. एकाला पुढं भोक असतं, त्यातून आवाज घुमत घुमत बाहेर पडतो आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या म्हाताऱ्यालाही खाटेवर उठवून बसवतो. दुसरा सगळ्या बाजूंनी बंद. तो तेवढा दणका देत नाही, पण ठोका पडला की पडला, थांबला की थांबला. आमच्याकडच्या तमाम तरुण पिढीला भोक हवं असायचं आणि दाजी भोक पाडायला साफ नकार द्यायचे. "भोक पायजे तर तसं सांग बे, खुराडं करून देतो. कोंबड्या ठिव गाडीत!" असं ते आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. गिऱ्हाईक रागानं जाई, बाहेरच्या गावाहून भोकाचा बॉक्स आणी, आणि वर्षभरात गुपचूप दाजींच्या शेडपुढं गाडी लावी. दाजी त्याला टोमणा मारत नसत. फक्त त्याच्या जुन्या बॉक्सच्या भोकात हात घालून, "मुंगूस राहत व्हतं का ह्यात?" एवढंच विचारत.

त्यांच्या कामाच्या पद्धतीवर एक वेगळं पुस्तक निघेल. स्पीकरसोबतच्या कागदावर बॉक्सच्या आतली जागा लिटरमध्ये दिलेली असते. दाजींना लिटर म्हणजे दूध, त्यामुळे लाकडाच्या खोक्यात लिटर ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. त्यांनी सगळा हिशेब पायलीत आणला. बॉक्स जोडला की त्यात ज्वारी ओतायची, काठोकाठ भरली की पायलीनं मोजून काढायची, कमी-जास्त झालं तर आतून फळी वाढवायची किंवा तासायची. दुष्काळात घरात ज्वारीच मोजकी, म्हणून हे माप चाललेलं असताना अक्का पदर खोचून पहाऱ्याला उभी राहायची आणि एकेक दाणा परत कणगीत पडल्याशिवाय हलायची नाही. तरी एकदा घोटाळा झालाच. एका सरपंचाची गाडी तिसऱ्या दिवशी परत आली, गाणं लावलं की मागून खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. दाजींनी बॉक्स उघडला, तर कोपऱ्यात मूठभर ज्वारी. सरपंच भडकले, दाजी शरमेनं पार काळेठिक्कर पडले, आणि अक्का सरपंचांना म्हणाली, "तरी म्हणलं, त्या दिशी एक भाकर कमी कशी भरली!"

सांधे सिलिकॉननं बुजवून झाले की दाजी आत कापूस भरत, त्यानं आवाज मऊ होतो म्हणे. शेतात कापूस पिकला नाही त्या वर्षी त्यांनी घरातल्या उश्यांना हात घातला. दोन-तीन पुढाऱ्यांच्या गाड्यांत आजही माझ्या बहिणीच्या रुखवताची उशी फिरत असेल. मग शेवटी उदबत्तीची परीक्षा. स्पीकर मोठ्यानं लावायचा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून फिरवायची. धूर कुठं जरा जरी थरथरला, की तिथून हवा गळते. त्या वेळी दाजी श्वाससुद्धा रोखून धरत आणि बघणाऱ्यांनाही रोखायला लावत. मी स्वतः एकदा त्या परीक्षेत खोकलो म्हणून शेडबाहेर काढला गेलो आहे. शिवाय दिसेल त्या लाकडावर बोटानं टकटक करून ते ऐकण्याची खोड होतीच. तलवाड्याला माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना या माणसानं होणाऱ्या सासऱ्यांचा सोफा वाजवून पाहिला आणि भर बैठकीत जाहीर केलं, "पावणं, हे आतून पोकळ हाय." सासऱ्यांना वाटलं, माझ्याबद्दल बोलताहेत. लग्न जमलं ते दाजींनी दुसऱ्या दिवशी तो सोफा मोफत ठोकून दिला म्हणून, असं दाजींचं ठाम मत आहे, आणि माझ्या बायकोचंही.

अशा या माणसाला सगळ्या तालुक्यानं मान दिला, एका माणसानं मात्र दिला नाही. ते म्हणजे त्यांचे वडील, आबा. आबा भजनी मंडळाचे पखवाजवाले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापून त्यावर आबांचा हात पडला की देवळातल्या समया हलतात, असं जुने लोक सांगायचे. गाड्यांतला दणदणाट ऐकून आबा म्हणायचे, "म्हैस हिरीत पडल्यावानी वाजतंया. ह्यो काय ठोका हाय?" दाजी कळवळून सांगायचे, "आबा, ते दुसऱ्यांचे बाक्स हायेत. माझा एकदा ऐका की." आबा ऐकत नसत. पोरानं सोसायटीची नोकरी गेल्यावर डबडी बडवायचा धंदा धरला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. दाजींनी बंद बॉक्सचा हट्ट धरला होता तो खरं तर आबांच्या हातामुळे. लहानपणापासून त्यांनी तो स्वच्छ ठोका ऐकला होता आणि तसाच ठोका त्यांना लाकडातून काढायचा होता. हे त्यांनी मला सांगितलं, आबांना कधीच नाही.

आबांचं दुसरं वैर होतं सोसायटीच्या चेअरमनशी. हे चेअरमन एके काळी त्याच भजनी मंडळाचे गायक, आबांचे जिवलग. तालुक्याच्या भजन स्पर्धेत शेवटच्या अभंगाला गायक आणि पखवाज समेवर एकत्र आलेच नाहीत. मंडळ हरलं. आबा म्हणाले, गायकाला उशीर झाला. गायक काही न बोलता निघून गेले. त्या एका समेवरून गावात दोन तट पडले, दोन तटांची सोसायटीच्या निवडणुकीत दोन पॅनेलं झाली, आणि त्या दोघांची पोरंसोरं आजही एकमेकांच्या हळदीला जात नाहीत. मी सांगतोय त्या दुष्काळात गावात चारा छावणी उघडली ती चेअरमननी. सगळ्या गावाची जनावरं तिथं बांधली गेली, आबांच्या दोन गायी सोडून. "त्याच्या दावणीला माझ्या गायी? इकून टाकीन!" आबा म्हणाले. घरातला कडबा संपत आला. एका वेताची कपिली आणि तिची आई, दोघींच्या बरगड्या दिसायला लागल्या. येत्या बाजाराला त्या विकायच्या ठरलं. दाजी दिवसभर त्यांच्या अंगावरून हात फिरवत बसायचे.

त्या उन्हाळ्यात गिऱ्हाईकही नव्हतं. रिकाम्या हातांना चाळा म्हणून दाजींनी स्वतःच्या जुन्या व्हॅनसाठी बॉक्स करायला घेतला. तो त्यांचा सर्वांत देखणा बॉक्स. ज्वारी नव्हती म्हणून वाळूनं मापला, कापूस नव्हता म्हणून अक्काची शेवटची उशी गेली. त्यांनी मनाशी एक बेत केला होता. त्या भजन स्पर्धेचं ध्वनिमुद्रण माईकवाल्यानं तेव्हाच कॅसेटवर केलं होतं, ती कॅसेट आबांच्या ट्रंकेत होती. दाजींनी ती अंबाजोगाईला नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. आपलाच पखवाज ऐकायला मिळतोय म्हटल्यावर तरी आबा गाडीत बसतील, एवढीच आशा.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिथं पोचलो, तर दाजी व्हॅनमध्ये घाम पुसत बसलेले. "मेव्हणे, आत या. दार लावा. नीट लावा," ते म्हणाले आणि त्यांनी तो अभंग लावला. मला संगीतातलं शष्प कळत नाही, पण त्या बंद बॉक्समधून आबांचा हात असा वाजत होता की पंजा छातीवर पडावा. मग शेवटची सम आली. गायक आपल्या जागी आला. पखवाज त्याच्या आधीच येऊन बसला होता. अगदी मला, सोफ्यासारख्या पोकळ माणसालाही, ते ऐकू आलं.

"चूक आबाची हाय," दाजी हळूच म्हणाले. "इतकी वरसं कुणाला ऐकूच आली न्हाई. टेपवर नुसतं घुमायचं, त्यात दबून जायची."

"मग लावूच नका हे," मी म्हणालो.

"आबा तिकडून निघालेत. तुमच्या अक्कानं सांगितलं त्येंला, तुमचा पखवाज वाजतोय म्हणून."

मग मी असं काही पाहिलं, की जे सांगितलं तर पंचक्रोशीत कुणी विश्वास ठेवणार नाही. दाजींनी ड्रिल मशीन उचललं आणि भोक पाडायचं गोल पातं त्याला लावलं. पुढच्या फळीवर पेन्सिलीनं वर्तुळ काढलं. भोक पाडलं की ठोका घुमणार, घुमला की चूक बुजणार, आणि आबा खूश होऊन कदाचित म्हणतीलही, पोरा, लई झ्याक वाजतंय. आयुष्यभर ज्या शब्दासाठी हा माणूस तडफडला तो शब्द एका भोकापलीकडे होता. ते पातं त्यांनी वर्तुळावर टेकवलं. चपलांचा आवाज जवळ आला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मशीन खाली ठेवलं आणि अंगठ्यानं ते वर्तुळ पुसून टाकलं. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या घरातल्या कुणाचा कधी वाटलेला नाही, आणि मी तो आजही लपवत नाही.

आबा आत बसले. दार लागलं. अभंग सुरू झाला तशी त्यांची बोटं मांडीवर चालू लागली. सम आली आणि बोटं थांबली.

"परत लाव," आबा म्हणाले. दाजींनी परत लावलं.

"ह्या डबड्यात काही खोट हाय का रे?"

"न्हाई आबा. कुटूनबी हवा जात न्हाई."

"मंग माझ्यातच हाय," आबा म्हणाले आणि उतरले. गोठ्यात गेले, दोन्ही गायींची दावी सोडली आणि उन्हात छावणीच्या रस्त्याला लागले. आम्ही बेतानं अंतर राखून मागं गेलो. छावणीच्या तोंडाशी चेअरमन खुर्ची टाकून बसलेले. आबा त्यांच्यापुढं उभे राहिले आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "समेला आधी मी आलतो. तुजा उशीर न्हवता."

"मला तवाच म्हाईत व्हतं," चेअरमन म्हणाले.

"मंग बोलला कावून न्हाईस?"

"तुज्या हातात पखवाज व्हता की. घातला असतास डोक्यात!" असं म्हणून चेअरमन खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतः कपिलीचं दावं हातात घेतलं. "हिकडं बांध. हिकडं सावली हाय."

परतीच्या वाटेवर दाजींनी मला एकच प्रश्न विचारला. "आबा बाक्साबद्दल काय बोलले का?" नव्हते बोलले. दाजी "असूं द्या" म्हणाले आणि दिवसभर हसत राहिले, पण मला ते हसू पुरतं पटलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. सप्ताहात आबा पखवाजाला आणि चेअरमन गायला, असे दोघे पुन्हा एकत्र बसले. त्या गर्दीत एका कारखाना संचालकाच्या मुलानं आबांना सहज विचारलं, की गाडीला बॉक्स करायचाय, कुणाकडं जाऊ? दाजी तेव्हा देवळामागं जनरेटर बघत होते. मी मात्र आबांच्या शेजारीच होतो. आबा म्हणाले, "माज्या पोराकडं जा. त्येच्यावानी हात ह्या मुलखात न्हाई. पर गोड लागंल तेवढंच ऐकायचं असल तर दुसरीकडं जा." मी धावत जाऊन दाजींना ते सांगितलं. त्यांनी जनरेटर बंद करायला लावला आणि मला परत सांगायला लावलं.

आता आबा नाहीत. गाड्याही कारखान्यातूनच बॉक्स घेऊन येतात, शेडमध्ये दाजी खिडक्या-दारं करतात, अर्थातच अशी की उघडता उघडत नाहीत. मी गेलो की अक्का चहा ठेवते, आणि चहा येईपर्यंत दाजी कधी ना कधी म्हणतातच, "मेव्हणे, आबा त्या दिशी काय म्हणलेते? परत सांगा की." ते डोळे मिटून ऐकतात. त्यांना आनंद व्हावा म्हणून एखादा शब्द वाढवावा असं दर वेळी मनात येतं, पण मी वाढवत नाही. त्यांना लगेच ऐकू येईल.