आधी एक ओंजळ

अक्काला डोलीत घालून पालीच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "चुलीवरचा टोप उतरवू नको गो." तिचा नवरा, माझे थोरले दीर, मुंबईला. त्यांच्या हातात तार पडायच्या आत ती गेली... दीड महिना होईल आता.

अक्का माझी थोरली जाऊ. गॅस्ट्रोची साथ खालच्या वाडीत शिरली तेव्हा गावात आम्ही बायका, पोरं नि म्हातारी माणसंच होतो. खालून रोज कुणाचं ना कुणाचं रडणं वर ऐकू यायचं. देवळात गाऱ्हाणं घातलं आणि ठरलं, खालच्यांना दारात उभं करायचं नाही. मला बरंच वाटलं. दोन पोरं आहेत माझी. पण अक्का ऐकेल तर ना! दारात आलेल्याला पाण्याशिवाय धाडायचं नाही आणि कुणी दिलेल्या पाण्याला नाही म्हणायचं नाही, हे तिला आईने शिकवलेलं. देवापेक्षा तिचा त्यावर जास्त भरवसा.

नर्सबाई पाणी उकळा म्हणून सांगून गेल्या होत्या, तेव्हापासून अक्काने चुलीवर पाण्याचा टोप चढवूनच ठेवलेला. पण आमच्याकडे उकळलेलं पाणी बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला. आल्यागेल्याला ते देणं म्हणजे तू रोगी आहेस असं तोंडावर सांगणं. लोक तांब्या परत सारायचे. मग अक्का त्यातलं ओंजळभर आधी स्वतः प्यायची, तेव्हा कुठे ते घ्यायचे. मी चिडायचे. ती म्हणायची, भिऊन दार लावलं तर आतच मरू.

खालच्या वाडीतल्या भागीआजीची सून अक्काने मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजून जगवली. सून उठून बसली तशी आजीने आनंदाने विहिरीचं गार पाणी नि गुळाचा खडा अक्कापुढे ठेवला. मानाचं पाणी! अक्का प्यायली. घरी येऊन तिनेच सांगितलं, मी कपाळावर हात मारला.

"मी नको म्हटलं असतं, तर ती आपल्या हातचं परत प्यायली असती का?" अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले.

साथ अजून हटलेली नाही. परवा भागीआजी अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर येऊन उभी राहिली, आत येईना. मला तिचा राग होता, खोटं कशाला बोलू? पोरांना आत ढकललं. टोपाखालचा विस्तव मी अजून विझू दिलेला नाही. तांब्या भरला, ओंजळभर आधी मी प्यायले, मग तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"सून परत आडवी झाली गो," ती म्हणाली.

मी साखरेचा डबा काढायला आत गेले.