तिन्हीकडे सारखाच शब्द

त्याला सगळे दुभाषी म्हणत. मुळात हे नाव चेष्टेतलं. तीन विज्ञानसंस्थांची तीन मोठी संगणककेंद्रं होती, एक टेकडीवर, एक बंदराजवळ आणि एक त्याच्या कचेरीच्या तळघरात. आणि तिघांत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. प्रत्येकाची काम घेण्याची रीत वेगळी, फायलींचा साचा वेगळा, कुलूपकिल्ल्या वेगळ्या. एकीकडे चालणारं गणित दुसरीकडे न्यायचं तर शास्त्रज्ञाने ते पहिल्यापासून लिहून काढायचं. वीस वर्षांपूर्वी ह्या माणसाने मनावर घेतलं की तिघांच्या मध्ये बसेल असा एक प्रोग्रॅम लिहायचा. शास्त्रज्ञाने काम एकदाच सांगावं, प्रोग्रॅमने त्याचे तुकडे करून जिथे जागा असेल तिथे पाठवावेत आणि उत्तरं गोळा करून आणून द्यावीत. तीन तिघाडा काम बिघाडा, असं लोक तेव्हाच म्हणाले होते.

पहिली चार वर्षं नुसती शब्दांत गेली. तिन्ही यंत्रं आपापल्या कामाची अवस्था आपापल्या शब्दांत सांगायची. घेतलं, रांगेत, थांबलंय, अडकलं, परत पाठवलं. दुभाषी फोन करकरून विचारायचा, "तुमच्याकडे 'थांबलंय' म्हणजे नक्की काय हो? जागा नाही म्हणून थांबलंय, की कुणी थांबवलंय?" टेकडीवरचा ऑपरेटर एकदा वैतागून म्हणाला, "थांबलंय म्हणजे थांबलंय. तुम्ही पण थांबा जरा." ही गोष्ट पुढे दुभाषीच सगळ्यांना रंगवून सांगायचा. अशा चौकशांतून त्याचा तक्ता तयार झाला. दोनशे चौदा ओळी, तीन रकाने, इकडच्या ह्या शब्दाला तिकडचा तो शब्द. आपल्या मुलीच्या शाळेतल्या इयत्ता त्याला कधी धड आठवल्या नाहीत, पण तक्त्यातली कुठलीही ओळ विचारा, झोपेतून उठून सांगायचा. मुलीने हे तिच्या लग्नाआधी त्याला एकदा ऐकवलंही होतं. तेव्हा तो हसला होता, पण ते त्याला लागलं होतं.

ह्या कामाला यश असं नसतंच. चाललं तर कुणाला दिसत नाही, अडलं तर सगळ्यांना दिसतं. त्यातून तिन्ही संस्था सहकार्याच्या गोष्टी व्यासपीठावर करायच्या आणि खाली उतरल्या की आपला तो बाब्या. दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारायचंच की हा मधला प्रोग्रॅम हवाय कशाला. दुभाष्याच्या हाताखालची माणसं एकेक करून सोडून गेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कडेच्या खोलीत, दोन पडदे, एक लोखंडी कपाट आणि छप्पन्न वर्षांचा तो एवढंच उरलं.

आणि मग वारेवाली आली. समुद्रावरच्या वाऱ्यांचा अभ्यास करणारी, चौतिशीतली, भरभर बोलणारी बाई. तिचं गणित चाळीस हजार तुकड्यांचं. एका केंद्राच्या आवाक्यातलं नव्हे. तिने त्याचा प्रोग्रॅम वापरायला घेतला आणि चौदा महिन्यांत गणित पुरं झालं. त्या चौदा महिन्यांत दुभाष्याने काय सुख भोगलं ते त्यालाच ठाऊक. सकाळी आल्या आल्या तो पडद्यावर बघायचा: दोनशे तुकडे टेकडीच्या रांगेत, तीनशे बंदराच्या, नव्वद खाली तळघरात, आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही. ती त्याला काका म्हणायची. "काका, तुम्ही नसता तर मी म्हातारी झाले असते," असं ती एकदा जिन्यात म्हणाली, आणि तो दिवसभर त्या एका वाक्यावर होता.

तिन्ही संस्थांच्या संचालकांची बैठक ठरली. मधला प्रोग्रॅम पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ह्याचा निकाल तिथे लागणार होता. वारेवाली तिचे निष्कर्ष मांडणार होती. दुभाष्याकडे दाखवायला तेवढं एकच उदाहरण होतं, पण खणखणीत होतं. ह्याच गणितावरचा तिचा ग्रंथ पुढच्या आठवड्यात छापायला जायचा होता. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी दुभाषी तिथे दाखवायला एक आलेख काढत बसला. बंदरवाले किती वेगाने कामं उरकतात हे त्याला मिरवायचं होतं. आलेख पडद्यावर आला आणि त्याने आकडे पुन्हा वाचले. एरवी एका तुकड्याला पाच-सहा तास लागतात. बंदराचे सहा हजारांवर तुकडे प्रत्येकी चार सेकंदांत संपले होते.

चार सेकंदांत वाऱ्याचं गणित होत नसतं. त्याने त्यातला एक तुकडा उघडला, मग दुसरा, मग वीस. आत उत्तर नव्हतंच. काम सुरू करताना वारेवाली जो अंदाज भरून देते, तोच अंदाज जसाच्या तसा उत्तर म्हणून परत आला होता. यंत्र काम सुरू करायचं, ते बिघडायचं, यंत्र ते सोडून द्यायचं आणि वर कळवायचं, "झालं".

टेकडीवर "झालं" म्हणजे काम तडीस गेलं आणि उत्तर तपासलं. बंदराला "झालं" म्हणजे यंत्र मोकळं झालं, मग काम पार पडो की मरो. पूर्वी त्यांचं यंत्र बिघडलेलं काम आपणहून पुन्हा पुन्हा करायचं, त्यामुळे हा फरक कधी वर आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती रीत बदलली होती आणि बदल कुठल्याशा परिपत्रकात कळवलाही होता. दुभाष्याने तक्ता उघडला. शहाऐंशीवी ओळ: झालं, झालं, झालं. वेगळे दिसणारे शब्द त्याने चार वर्षं चाळून, पाखडून घेतले होते. हा तिन्हीकडे सारखाच दिसला, म्हणून त्याच्याबद्दल त्याने कुणालाही फोन केला नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला स्वतःची विलक्षण शरम वाटली.

तो नेहमीच्या वेळेला घरी गेला. त्याची बायको निवृत्त नर्स. त्याचं तोंड बघून तिने आधी खायला दिलं आणि मग विचारलं. त्याने सगळं सांगितलं. तिला संगणकातलं फारसं कळत नव्हतं, हे मात्र लगेच कळलं.

"आमच्या वॉर्डात 'शांत' हा शब्द लिहायला बंदी होती," ती म्हणाली. "रात्रपाळीवाली लिहायची, पेशंट शांत आहे. म्हणजे झोपलाय. आणि पुढच्या पाळीची ते वाचून, गेला समजून घरच्यांना फोन लावायची."

त्याला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मग तिला कधी सांगताय?"

"उद्या बैठक होऊन जाऊ दे. एकदा प्रोग्रॅम चालू ठेवायचं ठरलं की तिचं सगळं पुन्हा करून देईन मी. कुणाला कळायचंही नाही."

"अहो, म्हणजे तिला उद्या चारचौघांत खोटं बोलायला लावणार तुम्ही."

"खोटं कसं? तिला माहीतच नाही."

"तुम्हाला आहे ना," बायको म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

हे खरं तर त्यालाही कळत होतं. वीस वर्षांचं काम हातचं जाणार म्हणून तो बायकोकडून पळवाट मागत होता, आणि ती असल्या बाबतीत कधीच उपयोगी पडायची नाही.

सकाळी तो बैठकीच्या तासभर आधी वारेवालीच्या खोलीत गेला. ती नीटनेटके कपडे घालून, कागद लावत बसली होती. "या काका," म्हणाली. त्याने उभ्यानेच सांगितलं. कसलीही सबब दिली नाही, परिपत्रकाचं नावही काढलं नाही. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, "सहा हजार तेवढेच पुन्हा करून भागेल?" आणि उत्तर तिनेच दिलं. "नाही भागणार. शेजारच्या तुकड्याचं उत्तर घेऊन पुढचा चालतो. वाऱ्याला काय कुंपण असतं." तिने लावलेले कागद हळूहळू एकावर एक ठेवले. दुभाष्याला वाटलं, ही रडेल किंवा ओरडेल. तिने दोन्ही केलं नाही. त्यामुळे त्याला आणखी जड गेलं.

बैठकीत तिने स्वतःच सांगितलं, की माझे निष्कर्ष चुकीचे आहेत, मी ते मागे घेते. कारणही सांगितलं, कुणाचं नाव न घेता. बंदराचे संचालक म्हणाले, आम्ही रीतसर कळवलं होतं. टेकडीचे म्हणाले, आमच्याकडे असलं होत नाही. ह्या दोघांत एरवी विस्तव जात नसे, पण त्या दिवशी त्यांचं अगदी गूळपीठ जमलं. दुभाष्याने उठून सांगायचा प्रयत्न केला की चूक एका ओळीची आहे, ती कालच दुरुस्त केली, आणि जोडणी मोडलीत तर असलं गणित पुन्हा कुणालाच करता येणार नाही. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. वीस वर्षं भिजत पडलेलं घोंगडं त्यांनी वीस मिनिटांत वाळत घातलं. महिनाअखेर मधला प्रोग्रॅम बंद, यंत्राने परस्पर दुसऱ्या यंत्राला काम द्यायचं नाही, ज्याने त्याने आपलं बघावं.

महिना संपला. तिसऱ्या मजल्यावरचे पडदे काळे झाले. दुभाषी वारेवालीला जाऊन भेटला. तिचा ग्रंथ प्रकाशकाकडून न छापता परत आला होता आणि गठ्ठ्याची दोरीही तिने सोडली नव्हती.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "बाहेरच्या माणसाला तिन्ही केंद्रांत मिळून रोजचे दहा तुकडे चालवायची मुभा आहे. हाताने. स्वतः नाव नोंदवून, काम लावून, उत्तर उचलायचं. मी करीन. प्रत्येक उत्तर डोळ्यांनी तपासून देईन."

"दहा," ती म्हणाली. "चाळीस हजारांतले."

"हो."

"म्हणजे किती वर्षं, सर?"

काका जाऊन सर आलं होतं, ते त्याच्या ध्यानात आलं. आकडा त्याने आधीच काढून ठेवला होता.

"सुट्टी न घेता अकरा."

"तुमचं वय काय?"

"सत्तावन्न."

तिने खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला परवडलं असतं. तिने कोरा कागद पुढे ओढून उद्याच्या दहा तुकड्यांचे क्रमांक एकाखाली एक लिहिले आणि कागद त्याच्या हातात दिला.

"कसं करायचं ते लिहूनही ठेवत चला," ती म्हणाली. "तुमच्यानंतर मला एकटीला करता आलं पाहिजे."